हिमवादळातली टेंटमधली रात्र : पहिल्यांदा जाणाऱ्या मुंबईकरांसाठी

केदारकंठाच्या बेस कॅम्पवर रात्री दोनच्या सुमाराला टेंटचं कापड माझ्या गालाला टेकलं आणि मला जाग आली. गार, ओलसर आणि जड. झोपताना तेच कापड चेहऱ्यापासून चांगलं हातभर लांब होतं. संध्याकाळी बर्फ पडायला लागला तेव्हा वर कुणीतरी रवा चाळतंय असा सरसर आवाज येत होता. आता सगळं शांत. मला वाटलं, थांबला वाटतं बर्फ. खरं तर तो तसाच पडत होता. टेंटवर इतका साचला होता की पडणाऱ्या बर्फाचा आवाजच आत पोचत नव्हता.

शेजारी झोपलेल्या मावसबहिणीला हलवून उठवलं. दोघींनी पाठ लावून कापड वर ढकललं, पण ते हललं नाही. दाराची चेन अर्ध्यावर गोठलेली. आमचं फावडं किचन टेंटला टेकवून ठेवलेलं, म्हणजे बाहेर पंधरा पावलांवर. तेवढ्यात बाहेरून थापांचा आवाज आला. आमचा गाइड सगळ्या टेंटवरचा बर्फ झाडत फिरत होता. ‘दीदी, अंदर से मारते रहो, सोना मत,’ एवढं बोलून तो पुढच्या टेंटकडे गेला. उरलेली रात्र आम्ही आळीपाळीने जागून काढली.

त्यानंतर मी तीन हिवाळे बर्फात टेंट लावून राहिले. मधल्या काळात जे शिकले ते इथे ओळीने लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. वादळाचा अंदाज असताना मुद्दाम वर जाण्यासाठी हा लेख नाही. अंदाज असूनही निघायचं, हा पहिल्या वेळच्या माणसाचा निर्णय असूच शकत नाही. पण डिसेंबर ते मार्च हिमालयात जाणाऱ्याला वादळ कधी ना कधी गाठतंच. तेव्हा काय करायचं, ते हे.

१. कुठे, कधी, कुणाबरोबर

मुंबईतून पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण उत्तराखंडातला केदारकंठा किंवा ब्रह्मताल निवडतात, आणि ती निवड योग्य आहे. केदारकंठाचा माथा सुमारे १२,५०० फुटांवर आहे. पायथ्याचं गाव सांकरी. देहरादूनहून तिथे रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे डोंगरातला अख्खा दिवस. ब्रह्मताल चमोली जिल्ह्यात, तो ट्रेक लोहाजंग गावाहून सुरू होतो.

पहिल्या वेळी स्वतःचा टेंट घेऊन एकट्या-दुकट्याने जाऊ नका. सह्याद्रीत तुम्ही पन्नास किल्ले केले असतील, हरिश्चंद्रगडावर कितीतरी रात्री काढल्या असतील, तरीही नको. कळसूबाई १,६४६ मीटर. सांकरी गावच त्याहून उंच आहे, आणि ट्रेक तिथून सुरू होतो. स्थानिक गाइड असलेल्या गटाबरोबर जा. नाव नोंदवायच्या आधी तीन प्रश्न विचारा : टेंट चारही ऋतूंत चालणारा आहे का, दर टेंटमागे फावडं आहे का, आणि हवामान बिघडलं तर खाली आणायचा निर्णय कोण घेतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू तेव्हा’ असं आलं, तर दुसरा गट शोधा. मी तसे दोन गट सोडले आहेत.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे परतीचं तिकीट काढताना कमीत कमी दोन दिवस हातचे ठेवा. सोमवारी ऑफिसला हजर व्हायचंच आहे, या एका कारणाने लोक वादळात उतरायला निघतात.

२. मुंबईत राहून करायचा सराव

मुंबईत बर्फ नाही म्हणून सराव होत नाही, असं समजू नका. सगळ्यात उपयोगी सराव माझा जुहूच्या वाळूत झाला.

बर्फात साधी खुंटी टिकत नाही, वाऱ्याच्या एका झटक्याने उपटून येते. कोरड्या वाळूतही नेमकं तेच होतं. सकाळी साडेसहाला, गर्दी व्हायच्या आधी, दोन कापडी पिशव्या, दोरी आणि खुरपं घेऊन किनाऱ्यावर जा. पिशवीत वाळू भरा, दोरी बांधा, हातभर खड्ड्यात पुरा, वरून पायाने चेपा आणि मग दोरी जोर लावून ओढून बघा. नंतर खुंटी आडवी पुरून तिच्या मधोमध दोरी बांधून बघा. उभी ठोकलेली आणि आडवी पुरलेली यांतला फरक हाताला कळतो, आणि एकदा कळला की विसरत नाही. बर्फात हेच करायचं असतं. वाळूच्या जागी बर्फ भरायचा.

दुसरा सराव घरात. पातेल्यात बर्फाचं पाणी घ्या, हात मिनिटभर बुडवा, पुसा, जाड हातमोजे चढवा आणि गाठ मारा, चेन उघडा, हेडटॉर्च लावा. दिवा बंद करून करा. जी गोष्ट हातमोजे घालून जमत नाही ती वर गेल्यावरही जमणार नाही. चेनच्या पट्ट्यांना बोटभर दोरीचे गोंडे बांधायची कल्पना मला यातूनच सुचली.

शरीरासाठी सोसायटीचे जिने पुरेसे आहेत. पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन आठवड्यातून चार दिवस, दोन महिने. चढण्याइतकंच उतरणंही मोजा, गुडघे उतारावर बोलतात. डिसेंबरात राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडावर एक रात्र टेंटमध्ये झोपून या, म्हणजे आपल्या स्लीपिंग बॅगचा अंदाज येतो.

३. सामान

थंडीचा सामना कपडे करतात. माझ्या अनुभवात माणसाला खरा त्रास होतो तो ओल्याने. ओला मोजा, ओला हातमोजा, घामाने भिजलेला बनियन. आपण पावसाळ्यात ऑफिसला जाताना मोबाइल, डबा, कपडे वेगवेगळ्या पिशव्यांत घालतो ना, ती सवय इथे जशीच्या तशी न्या. सॅकच्या आत मोठी कचऱ्याची काळी पिशवी, तिच्यात लहान पिशव्या.

सुती काहीही नको. जीन्स नको, सुती बनियन नको, सुती मोजेही नकोत. सुती कापड घाम शोषतं आणि धरून ठेवतं. अंगालगत घाम वाळवणारा थर, त्यावर फ्लीस किंवा लोकर, वर पिसांचं जॅकेट, सगळ्यात बाहेर वारा-पाणी अडवणारं कवच. हिवाळ्यात परळला तिबेटी स्वेटरवाले बसतात, तिथले लोकरीचे मोजे आणि टोप्या मी वर्षानुवर्षं वापरते आहे. जॅकेट, गेटर्स (बुटांत बर्फ शिरू न देणारी पोटरीवरची आवरणं), मायक्रोस्पाइक्स (बुटांखाली चढवायचे काटे) विकत घेण्याआधी गटाकडे किंवा सांकरीत भाड्याने मिळतात का ते विचारा. बूट मात्र स्वतःचेच, आणि दोन महिने वापरलेले.

आता दोन वस्तू ज्यांत लोक फसतात.

स्लीपिंग बॅग. पाकिटावर तीन आकडे असतात : कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानदार एक्स्ट्रीमचा आकडा वाचून दाखवतो, ‘उणे १५ ला चालते’. तो आकडा फक्त जीव वाचण्याचा आहे, झोप लागण्याचा नाही. कम्फर्टचाच आकडा बघा. तो साधारण स्त्रीच्या शरीरावर बेतलेला असतो आणि लिमिट पुरुषाच्या, त्यामुळे बायकांनी लिमिटच्या आकड्यावर जाऊच नये. हिवाळ्यात बेस कॅम्पवर रात्री उणे ८-१० सहज होतं. कम्फर्ट निदान तेवढा हवा, आणि आत घालायला फ्लीसचं अस्तर.

मॅट. अर्धी थंडी खालून येते. मॅटची ऊब आर-व्हॅल्यू या आकड्यात मोजतात. बर्फावर झोपायला ५ किंवा जास्त लागते. फोमच्या साध्या मॅटची साधारण २ असते. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते, म्हणून खाली फोमची आणि वर हवेची, ही जोडी मला सगळ्यात चांगली वाटते. हवेची मॅट फुटली तरी खाली फोम उरतो.

उरलेली यादी भराभर सांगते : हेडटॉर्च आणि जास्तीचे लिथियम सेल, यूव्ही अडवणारा गॉगल, रुंद तोंडाच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या (नळीची पाण्याची पिशवी नको, नळी गोठते), शिटी, छोटा चाकू, दहा मीटर दोरी, पुसायला जुना पंचा, हातमोज्यांच्या तीन जोड्या, आणि फक्त झोपताना घालायच्या लोकरी मोज्यांची एक जोडी. ही जोडी काहीही झालं तरी बाहेर वापरायची नाही.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत, ट्रेकिंगच्या काठ्या चेक-इनमध्ये. गॅसचा डबा, लायटर, काडेपेटी दोन्हीकडे चालत नाही. रेल्वेतही गॅस न्यायला बंदी आहे. देहरादूनला घ्या. आणि कुणी परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन देऊ केला तर घेऊ नका, परवान्याशिवाय तो जवळ बाळगणं भारतात गुन्हा आहे.

४. कागदपत्रं

- आधार कार्ड आणि त्याच्या तीन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे चार फोटो
- डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, बहुतेक गट ठरावीक नमुन्यात मागतात
- वन विभागाचा परवाना. केदारकंठा गोविंद पशू विहार अभयारण्यात येतो. परवाना गट काढतो, पण त्यात आपलं नाव आहे ना ते बघून घ्या
- प्रवास विमा. ‘ट्रेकिंग’ आणि किती उंचीपर्यंत, हे शब्द पॉलिसीत वाचल्याशिवाय पैसे भरू नका
- एका कागदावर रक्तगट, चालू औषधं, अॅलर्जी आणि घरच्या दोघांचे नंबर. हा कागद प्लास्टिकमध्ये घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. फोनमध्ये ठेवू नका, फोन थंडीत बंद पडतो

उंचीच्या त्रासासाठीची डायमॉक्स ही गोळी घ्यायची का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा.

५. हवामान बघायला शिका

हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणतो तो पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राकडून निघालेल्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तानवरून येतात. त्या तीन-चार दिवस आधी दिसू लागतात. म्हणून भारतीय हवामान विभागाच्या देहरादून केंद्राचा उत्तरकाशी आणि चमोली जिल्ह्यांचा अंदाज निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज बघा. पिवळा, नारिंगी, लाल, हे रंग आपल्याला मुंबईच्या पावसाने शिकवलेच आहेत. नारिंगी असेल तर सांकरीतच थांबायची मनाची तयारी ठेवा.

वाऱ्याचा आकडाही बघा. हवा उणे ५ आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे १४ सारखी लागते.

सांकरीच्या पुढे फोनवर विसंबू नका. तिथून पुढे ढग आणि गाइड. दुपारनंतर वाऱ्याची दिशा पालटली, सूर्याभोवती खळं दिसलं, घड्याळातला हवेच्या दाबाचा आकडा भराभर उतरायला लागला की अंधार पडायच्या आत सगळं आवरा.

६. टेंट लावणं

गटाचे लोक टेंट लावून देतात. तरी उभं राहून बघा आणि हात लावा. रात्री तो तुम्हालाच सांभाळायचा आहे.

जागा. डोक्यावर ३० ते ४५ अंशांचा मोकळा उतार असेल, तर तिथे टेंट नाही. हिमस्खलन बहुतेक याच उतारांवरून होतं. बर्फाने लवलेल्या फांद्यांखाली नको, रात्री एखादी फांदी मोकळी झाली की मणभर बर्फ खाली येतो. खोलगटात नको, थंड हवा आणि वाऱ्याने वाहून आलेला बर्फ दोन्ही तिथे साचतात.

जमीन. बूट घालून जागा तुडवा, टेंटपेक्षा दोन हात मोठी. मग अर्धा तास थांबा. तुडवलेला बर्फ तेवढ्यात घट्ट बसतो. न थांबता टेंट लावला तर रात्री शरीराच्या उबेने खाली खड्डा पडतो, आणि सकाळपर्यंत तुम्ही त्यात घसरलेले असता.

तोंड. टेंटची पाठ वाऱ्याकडे. दार मात्र वाऱ्याच्या बरोबर उलट्या बाजूला नको, थोडं तिरकं हवं, कारण वाऱ्याआडच्या बाजूलाच बर्फाचा ढीग जमतो.

दोऱ्या. जुहूला केलेला सराव इथे काढायचा. पिशव्यांत बर्फ भरून किंवा खुंट्या आडव्या पुरून, वरून चेपून, अर्धा तास तसंच ठेवून मग दोरी ताणा. सगळ्या दोऱ्या बांधा, एकही सोडू नका. शांत संध्याकाळी हे काम उगाचचं वाटतं.

आणि फावडं टेंटच्या आत. दाराशी, हाताला येईल असं. ही एक ओळ मी स्वतः भोगून शिकले आहे.

७. संध्याकाळचे दोन तास

या दोन तासांवर रात्र ठरते.

पोचल्या पोचल्या घामाचे कपडे बदला. थंडी आहे म्हणून टाळावंसं वाटतं, पण पाच मिनिटं कुडकुडणं परवडतं. ओले मोजे, हातमोजे जॅकेटच्या आत पोटाशी ठेवा, तिथे ते वाळतात.

पोटभर जेवा. तूप जास्त घ्या. झोपण्याआधी काहीतरी गोड खा आणि थोडं उशाशी ठेवा. घरून नेताना एक लक्षात ठेवा : डिंकाचा लाडू उणे पाचला दगड होतो आणि शेंगदाण्याची चिक्की दात हलवते. लाडू मुंबईतच फोडून तुकडे करून न्या. राजगिऱ्याची चिक्की मात्र तिथेही खाता येते. गरम पाण्यात कालवलेला मेतकूट-भात थकलेल्या पोटाला जितका बरा वाटतो, तितकं दुसरं काही वाटत नाही.

दारू नको. ती प्यायल्यावर ऊब वाटते, पण तेव्हा कातडीतून उष्णता बाहेर जात असते.

बाटल्यांत गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावा, मोज्यात घाला आणि स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. तेच सकाळचं प्यायचं पाणीही होतं. जी बाटली बाहेर राहील ती उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, मग झाकण मोकळं राहतं. स्वतः बर्फ वितळवायची वेळ आली तर भांड्यात तळाला आधी थोडं पाणी घाला, नुसता बर्फ टाकला तर भांडं करपतं. साध्या ब्यूटेनचा गॅस शून्याच्या आसपासच रुसतो, म्हणून डब्यावर आयसोब्यूटेन आणि प्रोपेन लिहिलेलं बघून घ्या.

झोपण्यापूर्वी बाहेर जाऊन या. रात्री पुन्हा लागली तर धरून ठेवू नका, झोप जाते आणि पाणी प्यायचं टाळलं जातं. वादळात बाहेर जाणं धोक्याचं असेल तर रुंद तोंडाची एक बाटली खास यासाठी ठेवा. बायकांसाठी मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन छोटी नरसाळी मिळतात. बाथरूममध्ये दोन-चारदा सराव करून घ्या. अंधारात ही बाटली आणि पाण्याची बाटली हाताला वेगळी कळली पाहिजे. मी हिला तीन जाड रबरबँड गुंडाळते.

८. रात्र

टेंटमध्ये काहीही पेटवायचं नाही. स्टोव्ह नाही, शेगडी नाही, मेणबत्ती नाही, हीटर नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने जीव गेल्याच्या बातम्या आपण मुंबईत दर काही महिन्यांनी वाचतो. तोच कार्बन मोनॉक्साइड इथेही असतो. त्याला वास नाही, रंग नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळहून आलेले ८ पर्यटक, त्यांत ४ मुलं, बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. ती तर पक्की खोली होती. टेंट बर्फाने झाकला गेला की त्याहूनही बंद होतो.

म्हणून हवेची वाट उघडी ठेवा. दाराची चेन वरून वीतभर उघडी, वाऱ्याआडच्या बाजूला. वरच्या झडपा मोकळ्या. थंडी आत येते हे खरं. पण सगळं बंद केलं तर श्वासाची वाफ कापडावर गोठते आणि पहाटे तिचा चुरा तोंडावर, स्लीपिंग बॅगवर पडतो. पिसांची बॅग ओली झाली की तिची ऊब गेली. तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नका. नाकावर कापड घ्या, श्वास बाहेर सोडा.

बर्फ पडत असेल तर पाळी लावा. दोघांत दीड-दीड तास, तिघांत एकेक. गजर घड्याळात लावा, ते मनगटावर असतं. फोन बॅगेत, पॉवर बँकेबरोबर.

बर्फाच्या वजनाचा हिशेब सांगते. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो. दोन माणसांच्या टेंटचं छत तीन चौरस मीटर धरा. फूटभर थर साचला की ४५ ते ९० किलो झाले, म्हणजे तांदळाची एक-दोन पोती. ओलसर बर्फ असेल तर याहून जड. टेंटचे खांब वाकायला यापेक्षा फार जास्त लागत नाही.

पाळीवरच्या माणसाने काय करायचं?

आतून पालथ्या हाताने थापा मारायच्या. खालून सुरुवात करून वर जायचं, बर्फ घसरतो तो ऐकू येतो. खांबांवर मारायचं नाही. मग हात लावून बघायचं : खालच्या भिंती आत आल्या आहेत का? आल्या असतील तर बाहेर जाणं भाग आहे, कारण घसरलेला बर्फ पायाशी साचून भिंती आत दाबतो आणि हवेची वाट बंद करतो.

बाहेर जाताना पूर्ण कपडे. पाच मिनिटांसाठी म्हणून लोक चपलेवर, हातमोज्यांशिवाय जातात आणि ओले होऊन आत येतात. जोडीदाराला उठवून सांगून जा. कमरेला दोरी बांधा, दुसरं टोक टेंटला. वादळात चार पावलांवरचा टेंट दिसत नाही, मी ते पाहिलं आहे : हेडटॉर्चच्या उजेडात फक्त आडवे पांढरे रेघोटे, आणि मागे वळल्यावर टेंट जिथे असायला हवा तिथे काहीच नाही. हातात दोरी होती म्हणून परत आले. चेन वरून खाली उघडा, खालून उघडली तर ढीग सरळ आत येतो. फावड्याने बर्फ टेंटपासून लांब, वारा जिकडे जातोय तिकडे फेका. कापडाजवळ फावडं नको, तिथे हात वापरा.

आत येण्याआधी पंचाने कपडे झटका. बूट पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेच्या पायथ्याशी. बाहेर राहिले तर सकाळी लाकडासारखे होतात आणि पाय आत जात नाही.

‘थोड्या वेळाने उठते’ असं मनात आलं की तेव्हाच उठा. पहाटे तीनला बाहेर जाणं जेवढं नको वाटतं, चारला त्याहून जास्त नको वाटतं, आणि तोवर बर्फ दुप्पट झालेला असतो.

आवाज थांबला तर हात लावून बघा. आमची चूक तीच होती.

समजा टेंट कोसळलाच, तर आधी हातांनी तोंडापुढे पोकळी करा, शिटी वाजवा. दार सापडत नसेल तर चाकूने कापड फाडा. टेंटच्या किमतीचा विचार तेव्हा करायचा नाही. चाकू म्हणूनच गळ्यात किंवा खिशात हवा.

९. शरीराच्या खुणा

जोडीदाराकडे लक्ष ठेवा. स्वतःचं स्वतःला कळत नाही.

हायपोथर्मियात, म्हणजे शरीराचं तापमान धोक्याइतकं उतरलं की, माणूस अडखळतो, बोलताना जीभ जड होते, बटण लागत नाही, विनाकारण चिडतो. कुडकुडणं थांबलं आणि ऊब आलेली नसेल, तर ती वाईट खूण आहे. काही जण शेवटी गरम होतंय म्हणून कपडे काढायला लागतात. अशा वेळी ओले कपडे बदला, कोरड्या बॅगेत घाला, गरम बाटल्या काखेत आणि जांघेत कापडातून ठेवा, शुद्धीत असेल तर गरम गोड पाजा. लगेच गाइडला हाक मारा.

हिमदंशात बोट पांढरं, मेणासारखं आणि बधिर होतं. चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. शेकोटीशीही धरू नका, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. झाकून ठेवा. पुन्हा गोठणार असेल तर वितळवू नका.

उंचीचा त्रास डोकेदुखीने सुरू होतो. डोकं दुखत असताना वरच्या कॅम्पला जाऊ नका, आणि ते गाइडपासून लपवू नका. इथे मी कळकळीने सांगते, कारण आपल्याकडे ‘बाकीच्यांचा ट्रेक माझ्यामुळे बिघडेल’ म्हणून लोक गप्प राहतात. बसल्या जागी धाप लागणं, फेसाळ खोकला, सरळ रेषेत पावलाला पाऊल जोडून चालता न येणं, यांतलं काहीही दिसलं तर उपाय एकच, खाली उतरणं. आणि वादळी रात्री खाली उतरता येत नाही. म्हणून निर्णय आदल्या दुपारी घ्यायचा असतो. आणीबाणीचा क्रमांक ११२, रेंज असेल तिथे.

१०. दुसरी सकाळ

ऊन पडतं, सगळं लखलखतं, आणि सगळ्यांना माथ्यावर जायचं असतं. ताज्या बर्फानंतरचे पहिले चोवीस तास हिमस्खलनाच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे. गाइड नाही म्हणाला तर वाद घालू नका. त्या सकाळी आम्ही माथा न गाठता खाली उतरलो. गॉगल ढगाळ हवेतही लावा. न लावता तासभर चाललं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

टेंट काढताना आधी दोऱ्यांच्या पुरलेल्या पिशव्या खणून काढा, ओढून नको. रात्रीत त्या दगडासारख्या घट्ट झालेल्या असतात आणि ओढल्यावर कापड फाटतं. खांबांचे सांधे गोठले असतील तर हाताच्या उबेने सोडवा.

११. घरी आल्यावर

सामान स्वतःचं असेल तर मुंबईत पोचल्याच्या दिवशीच सॅक उघडा. आपल्या हवेत ओला टेंट दोन दिवस गुंडाळून ठेवला की काळे ठिपके आलेच. गॅलरीत दोरीवर पसरा, शिवणीकडे जास्त वेळ द्या, तिथे ओल लपते. स्लीपिंग बॅग पंख्याखाली दोन-तीन दिवस उलटसुलट करा. ती छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, पिसं दबून त्यांचा फुगवटा जातो. जुन्या उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, आणि जून-जुलैत, ऊन मिळेल त्या दिवशी, बाहेर काढून एकदा वारा दाखवा.